तोंडी सांगावयाचे

गेल्या माघात आम्ही अंत्रुज महालातील आमच्या कुलदेवीच्या दर्शनास गेलो होतो. दर्शन हे निमित्त. मनात होता तो कौल. लोंढ्यास वडिलांनी बांधलेले घर विकावे की ठेवावे, हा प्रश्न चार वर्षे आमच्या उशाशी बसून होता. धाकट्या भावाजवळ तो काढण्यापेक्षा देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून उजवा-डावा प्रसाद पाहणे आम्हांस अधिक सोपे वाटले. (छपरावरची गळकी कौले आणि देवीचा कौल यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे, यात पूर्वजांचा काही अनुभव असावा.) गाऱ्हाणे घालण्यास उभे राहिलेल्या वृद्ध भटजींनी विषय विचारला. आम्ही तो सांगितला. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि सहज विचारावे तसे विचारले, “भावाला विचारलंत?”

नाही म्हणावे लागले. “मग देवीला आधी कशाला? ती काय भावाच्या जागी बसली आहे?” एवढे बोलून त्यांनी तबक खाली ठेवले. पाकळ्या तशाच राहिल्या.

घरी परतताना आम्हांस भटजींचा थोडा राग आला होता, हे लपवीत नाही. पुढे विचार करता वाटले की गाऱ्हाणे ही गोष्टच मुळात आमच्या त्या वेळच्या हेतूच्या उलट आहे. गाऱ्हाण्यात माणूस नावागावासह देवासमोर उभा राहतो, आपले दुखणे मोठ्याने बोलतो, भोवतालची मंडळी त्यास होकार भरतात. झाकून ठेवण्यासारखे तेथे काही उरत नाही. आम्ही मात्र त्याच गाऱ्हाण्याचा उपयोग न बोलण्यासाठी करू पाहत होतो. न बोलण्याची ही विद्या आमच्या घराण्यात आज आलेली नाही. तिचा एक जुना प्रसंग आम्ही लहानपणी पाहिला आहे, आणि ती विद्या मोडलेलीही पाहिली आहे.

आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि लिहिणे मराठीत. पत्रे, जमाखर्च, पोथ्या, लग्नपत्रिका मराठीत. लाड, रागावणे आणि सारे स्वयंपाकघर कोकणीत. यात काही विसंगती आहे असे पूर्वी कोणास वाटले नव्हते. वडील रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर. त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे लोंढ्यास व आसपासच्या स्थानकांवर गेली. काका मडगावास. १९५५ साली भारत सरकार आणि पोर्तुगीज अंमल यांच्यातील तंट्यात गोव्याची रेल्वे-वाहतूक बंद पडली आणि कॅसलरॉकच्या पलीकडचा सख्खा भाऊ परदेशस्थ झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत दोघांची दृष्टभेट नाही. पत्रे कोणाकोणाच्या हाती येत, जत्रेचा प्रसाद पुडीत बांधून येई, आणि आई त्या पुडीचा कागददेखील जपून ठेवी. सहा वर्षांच्या त्या बंदीत भावांचे मन एकदाही मोडले नाही. मोडले ते वाट खुली झाल्यावर.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात मतदान झाले. त्याचेही नाव जनमत कौल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे यासाठी फूल, संघप्रदेश म्हणून निराळे राहावे यासाठी दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी गोवा निराळा राहिला. वडिलांना या मतदानात हक्क नव्हता. ज्यास हक्क नसतो त्याचे मत अधिक कडक असते, असा आमचा पुढच्या आयुष्यातलाही अनुभव आहे. पण त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी खानापूर तालुका म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापासून मराठी ही त्यांच्या लेखी नुसती भाषा राहिली नव्हती, हातातून सुटत चाललेली वस्तू झाली होती. इकडे काकांना वाटे की कोकणीला बोली म्हणून एकदा बाजूस सारले की गोव्याचे स्वतःचे असे काही उरणार नाही. दोघेही आपापल्या घराच्या छपराची चिंता करीत होते. निकालानंतरच्या आठवड्यात वडिलांनी काकांना पत्र लिहिले. त्यातले एक वाक्य असे होते: “बोलीसाठी भाषा सोडणाऱ्याने मला दादा म्हणू नये.”

त्यानंतर सहा वर्षे दोघे परस्परांशी बोलले नाहीत. लग्न, मुंज, श्राद्ध यांपैकी काही अडले नाही. सारे निरोप आईच्या व काकूच्या मार्फत जात. “भावजींना सांग, तिथी बुधवारी आहे.” “त्यांना कळव, बुधवारी जमणार नाही.” पालखीच्या दिवशी दोघे एकाच देवळात एकाच खांबाच्या दोन बाजूंस बसत. बाहेरच्या माणसास वाटावे, केवढा शांत परिवार!

याच काळात वडील ज्या कामावर पोट भरीत होते ते काम म्हणजे निव्वळ बोलणे होते, ही गंमत आमच्या फार उशिरा ध्यानी आली. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाच्या संमतीवाचून गाडी सोडता येत नाही. ही संमती म्हणजे ‘लाइन क्लिअर’. पुढचा मास्तर ती केव्हा देतो? मागची गाडी आली एवढ्यावर नव्हे. ती पूर्ण आली, शेवटच्या डब्यामागची खूण डोळ्यांनी पाहिली, म्हणजे दोनचार डबे सुटून वाटेत राहिलेले नाहीत, अशी खातरी झाल्यावर. टेलिफोनवर बोलायचे तर ऐकलेले वाक्य ऐकणाऱ्याने उलट म्हणून दाखवायचे, वर आपल्या कागदावरचा एक खासगी आकडा द्यायचा आणि दोघांनी तो आपापल्या वहीत नोंदवायचा. ‘बहुधा’, ‘मला वाटले’, ‘समजून घ्या’ या शब्दांना तेथे प्रवेश नाही. कॅसलरॉकच्या पुढे घाट उतरतो तो ३७ फुटांस एक फूट. अशा उतारावर अर्धवट कळलेल्या बोलण्याचे काय होते हे त्या खात्यातील प्रत्येक माणूस जाणून होता. वडील रात्रपाळीत हे सारे चोख करीत आणि सकाळी घरी येऊन आईस म्हणत, “त्याला कळव.”

१९७३ च्या पावसाळ्यात काका आजारी पडले. त्यांना उपचारांसाठी मिरजेस न्यावयाचे ठरले. काकूचे पत्र आले. गाडी अमुक दिवशी लोंढ्यावरून जाईल. वडिलांनी पत्र वाचले, घडी केली आणि आईस म्हणाले, “तू स्टेशनावर जाऊन ये. डबा दे. प्रकृतीस जपा म्हणून सांग.”

आईने हातातली पळी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. “आतां तुमींच उलयात,” ती म्हणाली, आणि डबा भरून तिने आमच्या हाती दिला, स्वतः घेतला नाही.

आमची कुलदेवी शांतादुर्गा. विष्णू आणि शिव यांच्यात युद्ध जुंपले असता ती दोघांच्या मध्ये उभी राहिली, अशी कथा वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस त्या कथेतला एक तपशील आता महत्त्वाचा वाटतो: ती मध्ये उभी राहिली, पण एकाचे म्हणणे घेऊन दुसऱ्याकडे गेली नाही. आईने सहा वर्षे निरोप वाहिले तोवर भांडण सुखेनैव चालले. निरोप नेण्याचे तिने नाकारले त्या दिवशी ते अडचणीत आले.

गोव्याहून येऊन बेळगावकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन लोंढ्यास एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे, त्यामुळे गाडीचा मुक्काम लांबे. पाऊस असा की फलाटावरच्या पत्र्याखाली माणसाचे बोलणे माणसास ऐकू येऊ नये. वडील अंगावर गणवेश नसताना स्टेशनावर किती अवघडलेले दिसतात, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. काका खिडकीशी शाल पांघरून बसले होते. वडील डब्यात चढले, मागून आम्ही. बोलण्यास प्रारंभ कसा करावा याचा त्यांनी विचार केला असावा, कारण त्यांनी प्रकृतीची चौकशी केली नाही, हवापाण्याचे काढले नाही. उभ्यानेच म्हणाले, “पत्रातले ते वाक्य मी लिहावयास नको होते. ते चुकीचे होते. मताविषयी म्हणत नाही. मत माझे अजून तेच आहे.”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वाक्य चुकले. मत नव्हे.”

“होय.”

“माझेही मत तेच आहे,” काका म्हणाले, आणि शाल सावरून बाकावर जागा करीत, “दादा, हांगा बस.”

आणखी काही झाले नाही. डबा उघडला गेला. गाडी सुटली तेव्हा तिचे मागले टोक पुढे झाले होते आणि काका आता उलट दिशेने तोंड करून बसल्यासारखे दिसत होते. ते बरे होऊन परत आले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोवा विधानसभेने राजभाषेचा कायदा संमत केला, त्या सुमारास दोघे एकाच घरात होते. भाषेवरून त्यांनी दोन तास कडाक्याचे भांडण केले आणि मग सोलकढीसाठी एकदमच हाक मारली.

एवढे पाहिलेल्या मुलाने पुढे आयुष्यात शहाणपणाने वागावे अशी अपेक्षा असते. आम्ही तसे वागलो नाही. ज्या कचेरीत आमची नोकरी झाली तेथे आमच्या हाताखाली एक वडीलधारे कारकून होते. हिशेबाच्या तक्त्यांत त्यांच्या चुका होऊ लागल्या. तिनाचे आठ, पाचाचे सहा. माणूस सज्जन, आमच्याहून बारा वर्षांनी मोठा. कसे सांगावे? आम्ही संध्याकाळी मागे थांबून त्यांचे तक्ते स्वतःच दुरुस्त करू लागलो आणि या सौजन्याबद्दल मनात स्वतःचे कौतुकही करू लागलो. पण माणसाचे सौजन्य फुकट राहत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात आम्ही त्यांच्याविषयी इतरांजवळ कुरकुरू लागलो, आणि वर्षअखेरीस गोपनीय अहवालात दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी खऱ्या होत्या. त्यांची बढती राहिली.

त्यांना ते कळले तेव्हा ते आमच्या टेबलाशी आले. रागावले नाहीत. म्हणाले, “साहेब, डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला ठाऊक होते. चुका होतात हे मला कोणी सांगितले नाही. सांगितले असतेत तर मी त्याच महिन्यात शस्त्रक्रिया करून घेतली असती.” त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभात आम्ही भाषण केले, तेही बरे झाले असे लोक म्हणाले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे दुसऱ्याच्या मनास न जाळणारे, खरे, गोड आणि त्याच्या हिताचे असावे, असा त्याचा आशय. या चारांपैकी गोड तेवढे उचलून बाकीची तीन पाने उलटण्याची सोय आम्ही करून घेतली होती. खरे तर त्या कारकुनांचा अपमान आमच्या सांगण्याने झाला नसता. सहा महिने आम्ही त्यांना ऐकण्यास असमर्थ ठरविले, तोच खरा अपमान. महाभारतात श्रीकृष्ण शिष्टाईस गेला तेव्हा पांडवांची मागणी त्याने भरसभेत मांडली. पण कर्णाच्या जन्माची गोष्ट सभेत काढली नाही. कर्णास त्याने आपल्या रथात घेतले आणि ती एकट्यास सांगितली. कोणती गोष्ट चारचौघांत बोलावयाची आणि कोणती रथात, एवढा विवेक आम्हांस कचेरीत असता तर एका बंद लिफाफ्यावर आम्ही विसंबलो नसतो.

आता घराचे. आमची बाजू अशी की नऊ पावसाळे छपराचा खर्च आम्ही एकट्याने केला. भावाला एकदाही आकडा कळविला नाही, आणि त्याने विचारला नाही याची नोंद मात्र मनात ठेवली. ही तक्रार आम्ही इतकी वर्षे इतकी नीटनेटकी मांडून ठेवली आहे की ती सांगावयास दोन मिनिटे पुरावीत. पण भटजींच्या प्रश्नानंतर एक गोष्ट आठवू लागली. आईची शेवटची दोन वर्षे भावाकडे, मुंबईत, दोन खोल्यांत गेली. ती अंथरुणास खिळली होती. आम्ही दर महिन्यास फोन करीत होतो आणि ‘कशी आहे?’ असे विचारीत होतो. त्याने ‘बरी आहे’ म्हणावे आणि आम्ही ते मानावे, असा क्रम होता. रात्री कोण उठत असे, औषधांचे किती लागले, त्याच्या पत्नीने नोकरी का सोडली, यांतले आम्ही काही विचारले नाही. तिच्या जाण्यानंतरही नाही. वडील असते तर म्हणाले असते, मागच्या गाडीचे डबे अजून वाटेत उभे आहेत.

त्याला आम्ही पत्र लिहिणार होतो. तीन मसुदे झाले, तिन्ही उत्तम मराठीत होते, आणि तिन्ही फाडले. शेवटी फोन करून एवढेच म्हटले, “लोंढ्याला ये. घराविषयी बोलावयाचे आहे. त्याआधी दुसऱ्या एका गोष्टीविषयी.” तो थोडा थांबला. म्हणाला, “घराविषयी, आणि त्याआधी दुसऱ्या गोष्टीविषयी. बरे. शुक्रवारी येतो.”

उद्या शुक्रवार आहे. पाऊस सकाळपासून लागला आहे आणि माजघरात दोन ठिकाणी भांडी ठेविली आहेत. डबा भरून स्टेशनावर जाण्याचे कारण नाही, गाडी येथेच थांबणार आणि तो येथेच उतरणार. तरी आम्ही जाणार आहोत. घराची किल्ली खिशात असेल. ती बाहेर काढण्यापूर्वी आईच्या त्या दोन वर्षांतल्या रात्रींविषयी त्याला विचारावयाचे आहे.