पकड सोडू नकोस

बारामती,
नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,

काल तुझा इंदापूरहून फोन आला आणि जेवण गोड लागलं नाही. प्रो कबड्डीचा अंतिम सामना दिल्लीने ३१-२८ ने नेला म्हणून ‘पुणेरी पलटण मोडा, एखादा मोठा चढाईपटू आणा’ म्हणालास, तेही मी ऐकून घेतलं. पण ‘आता पोरांना नुसती चढाईच शिकवणार’ म्हणालास, ते मनाला लागलं. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

अरे, जरा मागे बघ. मार्च २०२४ मध्ये हरियाणाला हरवून आपण चषक आणला. पुढच्याच हंगामात अस्लम इनामदारचा गुडघा दुखावला आणि आपण आठव्या नंबरला घसरलो. तिथून यंदा अजय ठाकूरच्या हाताखाली १८ पैकी १३ सामने जिंकून साखळीत अव्वल! अंतिम सामन्यात आदित्य शिंदेने एकट्याने १० गुण आणले. याला वाया गेलेला हंगाम म्हणतोस? तुझ्या आजोबांसमोर असं बोलला असतास तर पाठीत धपाटाच बसला असता.

चढाईने टाळ्या मिळतात, चषक पकडीवर मिळतो. आपण जिंकलो तेव्हा कोपऱ्यात शादलुई होता. पकडींचे ९९ गुण होते त्याचे त्या हंगामात! तो हरियाणाला गेला आणि पुढचा चषक हरियाणाने नेला, तोही आपल्या बालेवाडीत. यंदा दिल्लीकडे फजल अत्राचली. शेवटच्या क्षणांत आदित्यला धरून सामना मिटवला तो त्यानेच. तू म्हणशील, २०२२ ला फजल आपला कप्तान होता, तरी जयपूरकडून हरलो. हो, पण तेव्हा अस्लम आणि मोहित गोयत दोघंही जायबंदी होते, हे का विसरतोस?

बोनसला पुढचा पाय टाकताना चढाईपटूचा मागचा पाय उचललेला असतो. नेमका तेव्हाच कोपऱ्यातला गडी घोट्यावर पडला पाहिजे आणि शेजारच्याने कंबर धरली पाहिजे. शेजारी अर्धं पाऊल मागे राहिला तर घोटा धरणारा एकटाच फरफटत मध्यरेषेपर्यंत जातो. हा मेळ लिलावात मिळत नाही, रोजच्या सरावाने बसतो. म्हणून पलटणीने ही तरुण पोरं जपावीत, खर्च करायचाच तर डाव्या कोपऱ्यावर करावा. पुढचा हंगाम आपला म्हणायला मग मी मागेपुढे बघणार नाही.

जत्रेच्या मैदानात तूच दोन्ही कोपरे ढोपरं फोडून सांभाळायचास. त्या तुझ्याच तालमीत आता पकड नको?

आणि तो तुझा डाव्या कोपऱ्यातला पोरगा? दिवाळीत पाहिला तेव्हा लंगडत होता. गुडघ्याला फडकं बांधून त्याला तसाच खेळवतोयस ना? अस्लमजवळ फिजिओ आहे, डॉक्टर आहे, संघ आहे. या पोराजवळ फक्त तू आहेस. फरशीवर पातळ मॅट टाकून, अंग गरम न करता पोरं उड्या मारतात, हे मला मुळीच पटत नाही. जिल्हा निवडीच्या आधी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे ने. एमआरआय सांगितला तर पैसे मी देईन, त्याच्या वडिलांना ऊसबिलाची वाट बघायला लावू नकोस. आणि डॉक्टर विश्रांती घे म्हणाले तर घरी बसव त्याला, निवड हुकली तरी चालेल. काय सांगितलं ते त्याच रात्री मला कळव.

तुझा,
मामा