आधी कारण, मग इंजिन

गाडी ओढत गॅरेजात आणली की मालकाचा प्रश्न ठरलेला असतो, "मेस्त्री, इंजिन करायचं का बदलायचं?" मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, "रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता?"

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळंबमध्ये हे विचारावंच लागतं. नीरा डाव्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस पिकवला, आणि वर्षानुवर्षांच्या पाटपाण्यानं बरीच रानं खारवटही झाली. बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये फिरत राहिलं की नळ्यांना आतून पांढरा थर धरतो. गाडी तापायला लागली की कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला देतो. त्यानं काटा खाली येतो, पण इंजिन पुरेसं गरमच होत नाही. डिझेल अर्धवट जळतं आणि सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. नळ्यांतला क्षार मात्र आहे तिथंच.

तो उघडा पडतो वारीत. तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडीच्या वाटेनं इंदापूरकडे निघाली की दिंड्यांच्या गाड्या दिवसभर पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या चालीनं चालतात. समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त पंखा आणि रेडिएटरवर. नळ्या बुजलेल्या असल्या की काटा लाल पट्ट्यात जातो, हेड गॅस्केट जळतं, हेड वाकतं. अशा गाडीत नवं कोरं इंजिन बसवलं आणि रेडिएटर तोच ठेवला, तर तेही तापूनच मरणार. म्हणून इंजिन करायचं असो की बदलायचं, ते कशानं गेलं हे आधी सापडलं पाहिजे.

कारण कळलं की नुकसान मोजायचं. धुरावरून अंदाज येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, गरम इंजिनातूनही पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरतंय. पण नुसत्या धुरावर इंजिनाचा निकाल देऊ नये. काळ्या धुरापायी अख्खं इंजिन खोललं आणि दोष इंजेक्टरमध्ये निघाला, असं या धंद्यात नेहमी घडतं.

एका बागायतदाराची डिझेल जीप अशीच आली होती. ऐन गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांची ने-आण करणारी. "इंजिन संपलं," असं ऐकूनच मालक आले होते. ड्रेन बोल्ट काढला तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं. त्यात चुंबक फिरवला, लोखंडाचा कीस लागला नाही. बेअरिंगचा धातू चुंबकाला धरत नाही, म्हणून ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहिला. चमक नव्हती. मग कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्या दोन सिलिंडरांत चारशेच्या आसपास पीएसआय, तिसऱ्या-चौथ्यात अडीचशेसुद्धा नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर घ्यायचा. हेड उतरवलं, गॅस्केट बरोबर तिथंच जळालेलं. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज सरकवली, मधोमध ती सहज आत गेली. बोअर वरून, मधून, खालून, आडवं-उभं मोजलं. झीज मर्यादेत होती. म्हणजे हेड फेसिंग, नवं गॅस्केट, नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कूलंट एवढ्यात काम झालं. इंजिन संपलेलंच नव्हतं.

मोजण्याची ही शिस्त या मातीतली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या रानात साखर कारखाना काढला. त्याभोवती वालचंदनगर वसलं, अवजड यंत्रं घडू लागली, पुढं इस्रोच्या अग्निबाणांचे भागही इथं तयार झाले. त्या कारखान्यातल्या टर्नर-फिटर मंडळींमुळं मायक्रोमीटर ही इथल्या अनेक घरांत माहीत असलेली वस्तू. अशा माणसापुढं "बोअर खाल्लंय वाटतं" म्हणून भागत नाही. तो आकडा विचारतो.

आकड्यांवरूनच पुढची वाट ठरते. क्रँक पाव किंवा अर्धा मिलिमीटर ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग मिळत असतील, बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन किंवा नवे लायनर बसत असतील आणि ब्लॉकला तडा नसेल, तर इंजिन बांधावं. नीट बांधलेलं इंजिन मालकाला आतून-बाहेरून माहीत असतं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, क्रँक शेवटच्या मापाच्याही पलीकडं गेला असेल, तर बदलावं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यात ओतलेले पातळ लायनर असतात. तिथं बोअरिंगला जागाच कमी, म्हणून कंपनीचा शॉर्ट ब्लॉक बरा पडतो. भंगार बाजारातलं जुनं इंजिन स्वस्त असतं, पण ते किती पळालंय हे कुणी सांगत नाही. ते घेण्याआधीही गेज लावावा, कागद पाहावेत. आरसीवर इंजिनाचा नंबर असतो. आपल्या एमएच-४२ ला, बारामतीच्या आरटीओत, बदलाची नोंद केली नाही तर गाडी विकताना आणि विम्याच्या वेळी मालकच अडकतो.

इंजिनापलीकडं गाडीही पाहायची. वालचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिची पद्मिनी, तिचं १०८९ सीसीचं इंजिन, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पुन्हा पुन्हा बांधून चालवलं. तरी ३० ऑक्टोबर २०२३ पासून या काळ्यापिवळ्या टॅक्सी बंद झाल्या, कारण टॅक्सीला घातलेली २० वर्षांची मुदत. खाजगी गाडीचंही १५ वर्षांनी पुन्हा पासिंग असतं. म्हणून चासीचा गंज, गिअरबॉक्स आणि पासिंगची तारीख बघितल्याशिवाय मी इंजिनाचा खर्च सांगत नाही. पत्रा कुजलेल्या गाडीत चांगलं इंजिन घालायला लावणं म्हणजे मालकाचे पैसे बुडवणं. धडधाकट गाडी केवळ गॅस्केटपायी भंगारात धाडायला लावणं हाही तेवढाच अन्याय. उसाचं बिल हप्त्याहप्त्यानं येणाऱ्या या भागात त्या पैशामागं वर्षाची मेहनत असते.

काम झालं की बिलामागं मी चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि बिघाडाचं कारण लिहून देतो. खालचं इंजिन खोललं असेल तर बोअर आणि क्रँकची मापंही. पुढं गाडी कुणाच्याही हाताखाली गेली तरी त्याला अंदाजानं सुरुवात करावी लागू नये. मालकांनीही हे हक्कानं मागावं. आकडा न दाखवता, कारण न सांगता कुणी "इंजिन संपलं" म्हणाला, तर होकार देण्याआधी गाडी दुसऱ्या मेस्त्रीला दाखवावी.