रंगाचा ताळमेळ

मुळशी तालुक्यात पावसाळा उतरला की घोटावडे परिसरातील दमट हवा कागदाच्या गठ्ठ्यांतही शिरते. कागद ओलावा शोषतो, किंचित फुगतो आणि त्यावर टोनर बसण्याची रीत बदलते. उन्हाळ्यात नीट जुळविलेले डिजिटल छापयंत्र श्रावणातही तोच रंग देईल, याची खात्री कोणी द्यावी? कागदाच्या चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने २३ अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ठरविली आहे, ती याच कारणाने.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. मसाल्याच्या पुड्याचा हळदी रंग दुसऱ्या खेपेत हिरवट आला, तर दुकानाच्या फळीवर जुना व नवा पुडा शेजारी उभे राहतात आणि गिऱ्हाईक मालाच्या अस्सलपणाविषयीच शंका घेते. माल परत जातो, देयक अडते. छापणारा म्हणतो, रंग बरोबर आहे; घेणारा म्हणतो, नाही. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. एकाने तो पुडा ट्यूबलाइटखाली पाहिलेला असतो, दुसऱ्याने उन्हात.

मुळशीला लागून असलेल्या मावळात, मळवली येथे, एकेकाळी राजा रविवर्मा यांनी उभारलेला छापखाना चालत असे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे तेथे हलविण्यात आला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा, आणि एकावर एक ठसे उमटवून पूर्ण होणारे चित्र, अशी ती पद्धती होती. रंग साधला की नाही, याचा निवाडा कारागिराची मुरलेली नजर करी. नजर हे थोर साधन खरे. पण ती थकते, सरावते, आणि मुख्य म्हणजे एकाची नजर दुसऱ्यास उसनी देता येत नाही.

रंगाला आकड्यांत मांडण्याची गरज येथूनच निर्माण होते. प्रकाश व रंग यांविषयीच्या सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्ये रंगाची तीन अंकांची मांडणी स्वीकारली : उजळपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा. अपेक्षित रंग आणि छापलेला रंग यांतील अंतरास डेल्टा ई म्हणतात. हे अंतर स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे छोटे उपकरण मोजून देते.

छापयंत्राचे कॅलिब्रेशन म्हणजे प्रत्येक शाईची फिकट ते गडद चढण ठरलेल्या रेषेवर आणणे. यंत्र स्वतःच चौकोन छापते, मोजते आणि ‘ठीक आहे’ असे कळविते. अनेक जण येथेच थांबतात. पण ज्याने जमाखर्च लिहिला त्यानेच तो तपासला, तर त्यास लेखापरीक्षण म्हणत नाहीत. शिवाय तेरीज जुळली म्हणजे हिशेब निर्दोष ठरत नाही. एखादा व्यवहार मुळातच नोंदवायचा राहिला, तरी तेरीज जुळतेच. त्याचप्रमाणे चारही शाया आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांच्या मिश्रणातून येणारा हळदी रंग चुकू शकतो. म्हणून प्रत्यक्ष मालाच्याच कागदावर नियंत्रणपट्टी छापून ती स्वतंत्र उपकरणाने मोजावी लागते. तीही केवळ पहिल्या निवडक प्रतीवर नव्हे, तर खेपेच्या आरंभी, मध्ये आणि अखेरीस.

यातही सरासरीचा मोह टाळावा. फोग्रा या जर्मन संस्थेच्या प्रचलित पट्टीत ७२ चौकोन असतात. त्यांपैकी ७१ चौकोनांचा फरक १ आणि एकाच चौकोनाचा १२ आला, तरी सरासरी साधारण १.१५ इतकीच भरते. करारासाठीच्या नमुना-छपाईच्या २०१६ च्या मानकात सरासरी २.५ पर्यंत चालते. त्या हिशेबाने हा कागद उत्तमच. परंतु तो एक चौकोन नेमका हळदी रंगाचा असेल तर? म्हणूनच त्याच मानकाने कोणत्याही एका चौकोनासाठी ५ ही कमाल मर्यादाही घातली आहे. शंभर खाती नियमित असली, तरी एक मोठे थकीत खाते सरासरीआड लपू देऊ नये, हे पेढी चालविणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

आणि मोजणाऱ्याचे काय? उपकरणासोबत एक पांढरी फरशी येते. तिच्यावरून ते आपले पांढऱ्याचे प्रमाण ठरविते. तिच्यावर धूळ वा बोटांचा ठसा असेल, तर पुढचा प्रत्येक आकडा विश्वासाने चुकीचा येतो. वजनकाट्यावर ठराविक मुदतीने सरकारी मुद्रा उमटवून घेण्याची शिस्त व्यापारी पाळतात. रंगाच्या काट्यालाही तीच शिस्त हवी.

खरा तोडगा मात्र यंत्रापेक्षा कागदावरील चार ओळींत आहे. मागणीपत्रातच कागदाची जात, रंग पाहावयाचा प्रकाश, मोजण्याची रीत आणि मान्य फरक लिहिला जावा. दोन्ही पक्षांच्या सहीचा नमुना दोघांपाशी अंधाऱ्या, कोरड्या जागी राहावा. मग लहान छापणाऱ्यास मोठ्या खरेदीदाराच्या लहरीवर अवलंबून राहावे लागणार नाही, आणि खरेदीदारासही ‘चालवून घ्या’ हे ऐकावे लागणार नाही. माल नाकारला गेला, तरी तो आकड्यावरून नाकारला जाईल. आणि आकड्यावरून मिळालेला नकार पचवून तीच दोन माणसे पुढच्या हंगामात पुन्हा व्यवहारास बसू शकतात.