प्रकाशतंतू, लेझर आणि पुलाची तुळई

लेझरचा प्रकाश संवेदकापर्यंत हवेतून सरळ सोडणे प्रयोगशाळेतील टेबलावर शक्य असले, तरी उघड्यावरच्या पुलावर धूळ, धुके आणि कंप यांपुढे त्याचा निभाव लागत नाही, म्हणून तो काचेच्या तंतूतून न्यावा लागतो. ज्याला सिंगल मोड फायबर म्हणतात, त्या तंतूत सिलिकाच्या १२५ मायक्रोमीटर व्यासाच्या आवरणात जेमतेम आठ-नऊ मायक्रोमीटरचा गाभा असतो, आणि थोडे जर्मेनियम मिसळून या गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश गाभ्यालाच धरून पुढे जातो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाची अशा तंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास घट होते. तेव्हा अंतर ही या तंत्राची मुख्य अडचण नव्हेच.

अडचण असते ती टोकांशी. लेझरचा झोत भिंगाने एकवटून गाभ्यावर पाडताना त्याचा ठिपका गाभ्यातील प्रकाशाच्या विस्ताराशी जुळावा लागतो. तो जुळलेला असूनही चार मायक्रोमीटरनी बाजूला सरकला, तर जवळपास निम्मा प्रकाश वाया जातो. दोन तंतू जोडतानाही हीच काटेकोरी लागते. आधी तंतूवरचा प्लास्टिकचा लेप सोलतात, उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, क्लीव्हरने तिच्यावर सूक्ष्म ओरखडा पाडून ती काटकोनात तोडतात आणि मग स्प्लायसिंग यंत्रात दोन्ही टोके समोरासमोर आणून विद्युत ठिणगीने वितळवून एकजीव करतात. पुसणे घाईत उरकले, तर पुढची सारी काटेकोरी व्यर्थ जाते.

संवेदनाच्या कामात पोहोचणाऱ्या प्रकाशाइतकेच महत्त्व परत येणाऱ्या प्रकाशाला असते. काच आणि हवा यांच्या सपाट सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. तो लेझरमध्ये शिरला तर लेझरची तरंगलांबी आणि तीव्रता अस्थिर होते, आणि शोधकावर गेला तर संवेदकाच्या क्षीण संकेतात मिसळतो. यासाठी लेझरपुढे प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटर बसवतात आणि हिरव्या रंगाचे कनेक्टर वापरतात, ज्यांचे टोक आठ अंशांनी तिरपे घासलेले असल्यामुळे परावर्तित प्रकाश गाभ्याबाहेर फेकला जातो. निळा, म्हणजे सरळ टोकाचा कनेक्टर हिरव्यात खुपसला, तर दोन काचांमध्ये फट राहते आणि प्रकाशाची घट व परावर्तन दोन्ही वाढतात. रंग डोळ्यांसमोर असताना होणारी ही चूक क्षेत्रावर आश्चर्य वाटावे इतकी सर्रास आढळते.

मागे फिरणाऱ्या याच प्रकाशातून या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त संवेदक निघाला. १९७८ मध्ये ओटावा येथे केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गन लेझरचा ४८८ नॅनोमीटरचा निळसर प्रकाश जर्मेनियमयुक्त तंतूत सोडला, तेव्हा परावर्तन काही मिनिटांत वाढत गेलेले दिसले. पुढे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींच्या व्यतिकरणाने गाभ्याचा अपवर्तनांक ठरावीक अंतराने कायमचा बदलला होता. या रचनेला ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. मात्र ती लिहिणाऱ्या प्रकाशाचीच तरंगलांबी परतवत असल्यामुळे तिचा व्यवहारात उपयोग तोकडा होता. १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी अतिनील प्रकाशाचे दोन झोत बाजूने तंतूवर पाडून आणि त्यांच्यातील कोन बदलून हवे ते अंतर मिळवले, आणि मगच हे तंत्र खऱ्या अर्थाने वापरात आले.

ग्रेटिंग जी तरंगलांबी परतवते, ती गाभ्याच्या अपवर्तनांकाला ग्रेटिंगमधील अंतराने गुणून दुप्पट केल्यास मिळते. १५५० नॅनोमीटरसाठी हे अंतर अर्ध्या मायक्रोमीटरहून थोडे अधिक भरते. पुलाच्या तुळईला चिकटवलेला तंतू तुळईबरोबर ताणला गेला, की हे अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबीही सरकते: लांबीत दशलक्षांश भाग वाढ झाली, तर सुमारे १.२ पिकोमीटरने. प्रकाशाची तीव्रता न मोजता तरंगलांबी मोजणे हे या पद्धतीचे खरे बळ आहे, कारण वाटेत तंतू वाकला किंवा कनेक्टर मळला, तरी संकेत मंद होतो, मोजमाप सहसा चुकत नाही. शिवाय वेगवेगळ्या तरंगलांबींच्या अनेक ग्रेटिंग एकाच तंतूवर ओळीने लिहिता येतात आणि इंटरोगेटर नावाचे यंत्र लेझरची तरंगलांबी क्रमाने बदलत प्रत्येकीचे उत्तर वेगळे वाचते. संवेदकाजवळ वीज न्यावी लागत नाही, ही सोय वेगळीच.

तरीही तापमानाचा गुंता सुटत नाही. एका अंश सेल्सिअसने ग्रेटिंग सुमारे दहा पिकोमीटरने सरकते, म्हणजे दुपारी तापमान वीस अंशांनी चढले, तर पुलावरून एकही वाहन न जाता दशलक्षांश भागांत दीडशेहून अधिक ताण पडल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून शेजारीच दुसरी ग्रेटिंग सैल नळीत ठेवतात, जिला ताण पोहोचत नाही पण उष्णता पोहोचते, आणि तिचे सरकणे पहिलीच्या सरकण्यातून वजा करतात. एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही, कारण पोलाद स्वतः दर अंशाला दशलक्षात सुमारे बारा भाग प्रसरण पावते आणि चिकटवलेल्या तंतूलाही ओढते, तर सैल तंतूची काच जेमतेम अर्धा भाग वाढते. म्हणून जाणकार अभियंते ही दुसरी ग्रेटिंग त्याच जातीच्या पोलादाच्या, भार नसलेल्या पट्टीवर चिकटवून ती पट्टी तुळईलगतच, उन्हाच्या त्याच बाजूला, सैल टांगून ठेवतात.