काळी माती, गुबगुबीत पानं

जुलै आला की शहरातल्या बाल्कन्यांमध्ये एक ट्रॅजेडी हमखास घडते. मे महिन्यात टणटणीत असलेली ती गोडुली एचेवेरिया अचानक खालून पाणीदार, पारदर्शक दिसायला लागते. बोट लावलं की पान गळून हातात. आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं असेल. अजून एक ग्लास ओततो. खेळ खल्लास!

यामागचा फंडा बघायचा तर एखाद्या पावसाळी रविवारी वढू बुद्रुकला जा. नगर रोडने कोरेगाव भीमा, तिथून आत. ट्रॅफिकने साथ दिली तर पुण्याहून तासाभराचा रस्ता. १६८९ मध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना ठार केलं, त्यांची समाधी इथे आहे. बडबडे ग्रुपसुद्धा इथे गप्प होतात. बहुतेक जण दर्शन घेऊन परत फिरतात. तुम्ही मात्र भीमेच्या बाजूला थोडं चाला.

काळीभोर माती आणि ऊस. पाऊस झालेला असेल तर दहा पावलांत चप्पल दीड किलोची होते! आणि त्याच पावसात, शेजारच्या बांधावर, शेर आणि निवडुंग आरामात उभे. मांसल, चिकाने भरलेले, तरी सडत नाहीत. कारण सोपं आहे. बांध उंच असतो, पाणी निथळून जातं. खालची माती ओली झाली की फुगते आणि तिच्यात हवेला जागाच उरत नाही. मुळं गुदमरून मरतात, मग बुरशी आत शिरते.

माझ्यासोबतच्या मैत्रिणीने गाडीत रिकामी पिशवी आणली होती. तिच्या आईच्या वाड्यातल्या जेडची एक फांदी तिच्याकडे कुंडीत आहे. वाडा पाडला, उरली ती एवढीच. फांदी बुडाशी मऊ पडायला लागली होती, म्हणून तिला ‘गावची कसदार माती’ द्यायची होती. मी पिशवी काढून घेतली. बया रुसली.

तिला मग शिवनेरीची गोष्ट सांगितली. जुन्नरजवळच्या त्या किल्ल्याच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक नाजूक वनस्पती वाढते. १८६५ मध्ये डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. ती फक्त महाराष्ट्रात सापडते, तीही मोजक्या डोंगरांवर. (ट्रेकला गेलात तर फोटो काढा, रोप उपटू नका, प्लीज!) सह्याद्रीचा धो धो पाऊस ती अंगावर घेते, पावसाळ्यातच पानं धरते, लालसर चांदणीसारखी फुलते. कड्याच्या फटीत पाणी थांबतच नाही, मग सडणार कशी?

आपल्याला कुंडीत तो कडाच बनवायचा आहे. महागडं पर्लाइट नसलं तरी चालेल. मुरूम चाळून धूळ काढून टाका, त्यात भरड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत मिसळा. भोक असलेली मातीची कुंडी हवी. भोक नसलेले क्यूट सिरॅमिक मग कॉफीलाच ठेवा. तळाशी खडे घालून काम भागत नाही, पाणी वरच्या मातीत अडकतंच. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेकदा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. ते पाणी धरून ठेवतं, तेव्हा आधी झाडून टाका. काडी तळापर्यंत खुपसून बघा, कोरडी निघाली तरच पाणी. पावसाळ्यात रोप पागोळीखालून हलवा, पण वारा लागू द्या.

सड लागलीच असेल तर स्वच्छ सुरीने खालून वर कापत जा. कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. मग फांदी सावलीत आठवडाभर तशीच ठेवायची, जखम सुकेपर्यंत. पाणी अजिबात नाही.

मैत्रिणीच्या जेडची आता बोटभर फांदी उरली आहे. फ्रिजवर, वर्तमानपत्रावर. आज चौथा दिवस. तिची आई रोज फोन करून विचारते, पाणी घातलंस का गं?