झांजेचा ठोका

माझा नातू रॉक संगीत वाजवतो, ही गोष्ट मी आमच्या भजनी मंडळात बरीच वर्षे कोणाला सांगितली नव्हती. काचीगुड्यातल्या आमच्या गच्चीवर चार मुले गिटार आणि ड्रम घेऊन बसत, आणि शेजारी विचारीत, "घरात सुतारकाम काढले आहे का?" मी हसून वेळ मारून नेत असे. म्हणून तो एके दिवशी माझ्या झांजा, आमच्या गोव्याकडचे कांसाळें, मागायला आला, तेव्हा मी जरा ओशाळलोच. त्याला नुसत्या झांजा नको होत्या. त्या वाजवणारा आजोबाही हवा होता.

मुलांनी मराठीत एक गाणे रचले होते. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा अफजलगंजातल्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसांचे प्राण वाचले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या त्या झाडावर हे गाणे होते. असे एकच गाणे सुटे प्रसिद्ध करतात, त्याला ही मुले 'सिंगल' म्हणतात. आणि कोणा बड्या कंपनीचा आश्रय न घेता पदरमोड करून करतात, म्हणून ते 'इंडी'. शेवटच्या कडव्यानंतर त्यांना भजनातल्यासारखा गजर हवा होता.

ध्वनिमुद्रणाची तऱ्हा पाहून मला नवल वाटले. आधी ड्रम, मग गिटार, मग गळा, असे एकेकजण वेगळा वाजवतो आणि नंतर सारे जुळवतात. त्यासाठी प्रत्येकाच्या कानात यंत्राचा एकसारखा ठोका चालू असतो. काचेच्या खोलीत मी एकटा उभा राहिलो आणि झांजा सुरू केल्या. दोन मिनिटांत काचेपलीकडचा तरुण अदबीने म्हणाला, "चचा, हाथ ठेके पे नहीं आ रहा."

मी म्हटले, "गजरात लय चढायचीच. ती आमची रीत आहे."

तो संकोचून म्हणाला, "चढ़ नहीं रही चचा, उतर रही."

मग त्याने नुसत्या माझ्या झांजा ऐकवल्या. चाळीस वर्षे भजनात वाजवली, पण माझी झांज एकटी अशी मी कधी ऐकलीच नव्हती. उजवा हात मागे पडत होता. दर चौथ्या ठोक्याला एखादा म्हातारा जिना चढताना थांबतो, तसा थांबत होता. यंत्राचे काही चुकले नव्हते. एकादशीमागून एकादशी मी झोकात वाजवीत होतो, आणि आमचे पखवाजवाले मुकाट्याने मला सांभाळून घेत होते, हे त्या खोलीत माझ्या ध्यानी आले.

नातू म्हणाला, "आजोबा, यंत्राने प्रत्येक ठोका जागेवर ओढता येतो. कोणाला कळणारही नाही." त्याने तसे करून दाखवलेही. झांज बिनचूक झाली, पण तिच्यात मी उरलो नाही. मी म्हटले, "मला गाळ बाबा. पुरातल्या झाडावर जागा थोडीच असते."

तो काही बोलला नाही. त्याने ड्रम वाजवणाऱ्या मुलाला आत बोलावले, माझ्यासमोर बसवले आणि कानातला ठोका बंद करवला. तो मुलगा माझ्या हाताकडे पाहत वाजवू लागला. मी मागे पडलो की तो क्षणभर थांबे, आणि मग मला घेऊन पुढे जाई. वेगळे वाजवलेले आता जुळेना, म्हणून त्या भागाचे आधीचे काम टाकून सर्वांनी एकत्र वाजवले. एका दिवसाचे पैसे वाया गेले, तरी कोणी कुरकुरले नाही.

1902 साली कलकत्त्यात गौहरजान गायली, तेव्हा तबकडी तीनेक मिनिटांत संपे, आणि शेवटी ती आपले नाव उच्चारी. तबकडी जर्मनीत हानोव्हरला तयार होई, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावे म्हणून. आता प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांकांचा संकेतांक मिळतो. नातवाने गाण्याची माहिती भरली, त्यात 'झांज' या शब्दापुढे माझे नाव लिहिले. 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी निघतात. आमचेही शुक्रवारीच निघाले. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले तर ते एकदा ऐकल्यात जमा, आणि वर्षात हजारदा ऐकले गेल्याशिवाय एक पैसाही हाती पडत नाही. आमच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांतून ताऱ्यांकडे निघाली. आमचे गाणे काचीगुड्याबाहेर पोचले, तरी मला पुष्कळ आहे.

पुढच्या एकादशीला मी ते गाणे मंडळात ऐकवले. नंतर पखवाजवाल्यांना बाजूला घेऊन विचारले, "किती वर्षे सांभाळलेत मला?"

ते गोंधळले. म्हणाले, "मी? अहो, मला या कानाने केव्हाच ऐकू येत नाही. मी तुमच्या हाताकडे पाहून वाजवतो."