सव्वीस जुलैची कॅसेट आणि कपाटावरचं कार्ड

मोठी पोस्ट आहे. घाटकोपर, असल्फा, विक्रोळीकडच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा, तुमच्याकडे काम आहे.

२००५ मध्ये पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी एका लोकल केबल चॅनेलला लागलो होतो. रोज संध्याकाळी अर्धा तास बातम्या. मिनीडीव्हीवर शूट करायचं, त्याची व्हीएचएस काढायची आणि ती कॅसेट बाइकवरून केबलवाल्याच्या कंट्रोल रूमला पोचवायची. मिनीडीव्हीची टेप महाग, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरायची. त्यामुळे आज जे काही उरलंय ते व्हीएचएसवरच.

२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच पावसात साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरच्या आसपास माणसं गेली, ते मात्र डोंगरावर राहणाऱ्यांनाच आठवतं. दोन दिवसांनी मी असल्फ्याच्या बाजूला शूट केलं. त्यात एक काका डोंगराकडे बोट दाखवून सांगतात, पाणी कुठून उतरतं आणि संरक्षक भिंत कुठून कुठपर्यंत हवी. चार-पाच मिनिटं बोललेत. काका आता नाहीत. त्यांची मुलगी गेल्या पावसाळ्यात भेटली. म्हणाली, "दादा, पप्पांचे फोटो आहेत हो, आवाज कुठेच नाही." वस्तीतल्या मंडळालाही ती कॅसेट हवी होती. २०२१ च्या जुलैत चेंबूर आणि विक्रोळीला पुन्हा तेच झालं, तेव्हापासून त्यांचे भिंतीसाठी अर्ज चालू आहेत.

कॅसेट माळ्यावर होती. व्हीसीआर एका नातेवाइकाकडे मिळाला. (जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये बंद केलं. तेव्हा घरात असेल तर भंगारात देऊ नका.) प्रश्न होता तो कॉम्प्युटरमध्ये घेण्याचा. लॅमिंग्टन रोडवरून तेव्हा घेतलेलं टीव्ही कार्ड कपाटावर पडून होतं. त्याची सीडी हरवलेली, विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर नवीन ६४-बिट विंडोजवर चालत नाही, आणि कार्डावर नाव असलेल्या कंपनीची वेबसाइटच गायब. ऑनलाइन हजाराच्या आतला यूएसबी डबा मागवला. तोही चालेना.

मुलुंडला माझा एक रिपेअरवाला मित्र आहे. तो म्हणाला, "अरे, डब्यावरचं नाव काय वाचतोस? आतली चिप बघ." त्याने लिनक्सवर एलएसयूएसबी ही कमांड मारली. तेव्हा कळलं की बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या डब्यांत चार वेगवेगळ्या जातींच्या चिप येतात. सिन्टेक, एम्पिया आणि फुशिकाई असेल तर लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर आधीपासून असतो, काही टाकावं लागत नाही. सोमॅजिक असेल तर कर्नलमध्ये काही नाही, विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर उपसून काढायचं. माझा डबा अर्थातच सोमॅजिकचा.

मग जुनं कार्ड. नवीन मदरबोर्डला पीसीआय स्लॉट नसतो, म्हणून मित्राने दुकानातला धूळ खात पडलेला पेंटियम फोर काढला. कार्डावरची चिप निघाली बीटी८७८. ती ब्रूकट्रीची. ब्रूकट्री १९९६ मध्ये रॉकवेलने घेतली, १९९९ मध्ये तिची कोनेक्सन्ट झाली, २०१३ मध्ये कोनेक्सन्टने दिवाळखोरी जाहीर केली. पण नव्वदच्या दशकात काही लोकांनी या चिपसाठी लिहिलेला बीटीटीव्ही नावाचा ड्रायव्हर अजून कर्नलमध्ये आहे. मध्यंतरी तो काढून टाकायची वेळ आली होती, २०२३ मध्ये नव्या पद्धतीत बसवून वाचवला. कंपनी गेली तरी कोड उघडा होता, म्हणून कुणीतरी दुरुस्त करू शकलं. सरकारी कचेऱ्यांत बंद सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या नोंदींचं वीस वर्षांनी काय होणार, हा विचार तिथे बसल्या बसल्या आलाच.

ड्रायव्हर चढला, पण कार्ड "अननोन" दाखवलं. स्वस्तातल्या कार्डांवर ओळख क्रमांकच साठवलेला नसतो, त्यामुळे कुठली वायर कुठल्या पिनला हे ड्रायव्हरला कळत नाही. यादीत दीडशेवर मॉडेल आहेत, त्यातला नंबर आपणच सांगायचा. एकेक नंबर टाकत दुपार गेली. शेवटी चित्र आलं ते गरागरा फिरणारं, काळंपांढरं. प्रोग्राममध्ये अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडलेली होती, आपली पाल. ती बदलली आणि रंग आले. आवाज येईना, तर मित्राने लाल-पांढरी वायर कार्डाला न लावता सरळ साउंड कार्डच्या लाइन-इनला लावली.

काका बोलायला लागले. मधे टेप खराब आहे, तिथे दहा-बारा सेकंद नुसती खरखर. पण भिंतीचं बोलणं पूर्ण आहे. मुलीला फाइल दिली तेव्हा ती पाहिलीच नाही, फोन कानाला लावून नुसती ऐकत राहिली. मंडळाने कॉपी अर्जाला जोडली आहे. उत्तर आलं की कळवतो.

तर काम असं: तेव्हाच्या लोकल बातम्यांच्या, सभांच्या, २६ जुलैच्या कॅसेट कुणाच्या माळ्यावर असतील तर इनबॉक्सला सांगा. पेंटियम फोर महिनाभर माझ्याकडे आहे, पैसे घेणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, तशीच आणा.